पाणी नितळ, तरी मासे का मेले? घरच्या नव्या ॲक्वापोनिक्सचं पाणी समजून घेताना

घरात ॲक्वापोनिक्स सुरू करणाऱ्यांची एक कहाणी जवळपास ठरलेली असते. टाकी बसते, खडीचा वाफा भरतो, पंप सुरू होतो, रोपं लागतात आणि उत्साहाच्या भरात त्याच दिवशी मासेही सोडले जातात. पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात मासे जरा सुस्त वाटतात, खाद्याकडे पूर्वीसारखे झेपावत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दोन मासे उताणे तरंगताना दिसतात, संध्याकाळपर्यंत आणखी तीन. पाणी मात्र आरशासारखं. ना वास, ना गढूळपणा. मग संशय मासे विकणाऱ्यावर जातो, खाद्यावर जातो, कुठल्याशा रोगावर जातो.

मासे बहुतेक वेळा त्या नितळ पाण्यानेच मेलेले असतात. पाण्यात विरघळलेल्या ज्या गोष्टी माशाला मारतात त्यांना रंग नसतो, आणि त्या प्रमाणात वासही येत नाही. म्हणून नव्या टाकीत डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, इथपासूनच सुरुवात करू.

## मासे, रोपं आणि तिसरं कोणीतरी

ॲक्वापोनिक्स म्हणजे एकाच पाण्यावर मासे आणि रोपं वाढवणं. मासे खाद्य खातात, पाणी घाण करतात. पंप ते पाणी वाफ्यात नेतो. रोपं त्यातलं हवं ते शोषतात आणि पाणी परत टाकीत येतं. ऐकायला सुटसुटीत वाटतं, पण मधला एक दुवा राहून गेला. मासे जे सोडतात आणि रोपांना जे हवं असतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. बहुतेक रोपांचं भागतं ते नायट्रेटवर. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणारे जीवाणू खडीच्या दाण्यांवर, पाइपच्या आत, टाकीच्या भिंतीवर पातळ बुळबुळीत थर करून राहतात. त्यांच्या या कामाला नायट्रीकरण म्हणतात.

ते दोन टप्प्यांत होतं. एका गटाचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी. १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे दोन टप्पे आणि ते करणारे जीवाणू दाखवून दिले. तेव्हापासून शंभरहून अधिक वर्षं हे काम दोघांनी वाटूनच होतं असा समज होता. २०१५ साली दोन्ही टप्पे एकट्यानेच पार पाडणारे जीवाणूही सापडले. आपल्याला त्याने फारसा फरक पडत नाही, पण एवढ्या जुन्या विषयातही नवीन काही निघतं याची मला गंमत वाटते.

फरक पडतो तो त्यांच्या संथपणाने. अमोनियातून मिळणारी ऊर्जा तुटपुंजी असते, त्यामुळे हे जीवाणू फार सावकाश वाढतात. अन्न नासवणारे काही जीवाणू अनुकूल स्थितीत वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना त्यासाठी साधारण एक दिवस लागतो. नव्या टाकीत ते मूठभरसुद्धा नसतात. म्हणजे पहिल्या दिवशी तुमच्याकडे मासे आहेत, रोपं आहेत, पण सफाई खात्यात भरतीच झालेली नाही.

## दहा ग्रॅम खाद्याचा हिशेब

पाण्याबद्दल बोलताना लोक आकड्यांच्या यादीत हरवतात: अमोनिया इतका, नायट्राइट इतकं, सामू इतका. मला स्वतःला हा विषय कळला तो खाद्याचा माग काढल्यावर. बंद टाकीत बाहेरून रोज येणारी मुख्य गोष्ट म्हणजे खाद्य. पुढचं बरंवाईट बहुतेक त्यातूनच निघतं.

समजा टाकी आणि वाफा मिळून २०० लिटर पाणी आहे आणि तुम्ही रोज १० ग्रॅम खाद्य टाकता. खाद्यात ३२ टक्के प्रथिनं आहेत, म्हणजे ३.२ ग्रॅम. प्रथिनांमध्ये सुमारे १६ टक्के नत्र असतं, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. त्यातला काही भाग माशाच्या अंगी लागतो, काही विष्ठेत जातो आणि निम्म्याहून थोडा जास्त, अंदाजे ०.३ ग्रॅम, अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. २०० लिटरमध्ये तो मिसळला की दर लिटरमागे दीड मिलिग्रॅम. एका दिवसाचा.

सफाई खातं रिकामं असेल तर चार दिवसांत हा आकडा सहावर जाईल. अनुभवी माणसं एकच्या वर गेलं तरी अस्वस्थ होतात. आणि दहा ग्रॅम म्हणजे किती? जेमतेम दोन-तीन चहाचे चमचे. "अगदी थोडंच तर टाकतो" असं म्हणणाऱ्याने एकदा तो चमचा वजनकाट्यावर ठेवून बघावा.

हे दहा ग्रॅम लक्षात असू द्या. पुढेही आपण त्यांच्याच मागे जाणार आहोत.

## तोच अमोनिया एका टाकीत मारतो, दुसरीत नाही

दोन मित्रांच्या टाक्यांत अमोनिया सारखाच, लिटरला २ मिलिग्रॅम. एकाचे मासे ठणठणीत, दुसऱ्याचे तडफडतात. असं होऊ शकतं, कारण पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक मोकळा अमोनिया, जो कल्ल्यांतून सहज आत शिरतो. दुसरा अमोनियम, ज्याच्यावर विद्युतभार असतो आणि जो आत शिरताना अडखळतो. घातक तो पहिला. टेस्ट किट मात्र दोघांची बेरीज दाखवतं.

कोणतं रूप किती, हे मुख्यतः सामू ठरवतो. सामू म्हणजे पीएच, पाणी आम्ल आहे की अल्कली हे सांगणारा आकडा: ७ म्हणजे मध्यावर, खाली आम्ल, वर अल्कली. पाणी २५ अंश सेल्सिअसला असताना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मोकळा असतो. सामू ८ झाला की साडेपाच टक्क्यांच्या आसपास. ९ झाला तर एक तृतीयांशाहून जास्त. म्हणजे एका अंकाने सामू वाढला की विष जवळपास दहापट. आपल्या दोन मित्रांपैकी पहिल्याच्या पाण्याचा सामू ७, म्हणून मोकळा अमोनिया लिटरला ०.०१ मिलिग्रॅम; दुसऱ्याचा ८, म्हणून ०.१. आणि ०.०५च्या पुढे काही दिवस राहिला तरी कल्ल्यांना इजा होऊ लागते.

पाणी तापलं की मोकळ्या रूपाचं प्रमाण आणखी थोडं वाढतं. म्हणून अमोनियाचा आकडा एकटा कधी वाचायचा नाही. शेजारी सामू आणि तापमान हवंच.

## नायट्राइट: हवा आहे, पण श्वास नाही

अमोनिया उतरायला लागला की नवखा माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. नेमका तेव्हाच नायट्राइट चढत असतं. पहिल्या गटाचे जीवाणू आधी वाढतात, दुसऱ्या गटाला खायला मिळतं ते पहिल्यांनी नायट्राइट तयार केल्यावर. मधल्या काळात ते साचतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे मरण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात जातं आणि प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचं रूपच बदलून टाकतं. रक्त तपकिरी पडतं, कल्ले चॉकलेटी दिसू लागतात. पाण्यात प्राणवायू भरपूर, तरी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत राहतात. बघणारा म्हणतो, हवा कमी पडतेय, आणि हवेचे बुडबुडे सोडणारा आणखी एक एअर स्टोन सोडतो. नुकसान काही नाही, पण मूळ दुखणं तसंच राहतं.

इथे मीठ कामाला येतं. मिठातलं क्लोराइड आणि नायट्राइट कल्ल्यांच्या एकाच दारातून आत शिरतात. क्लोराइडची गर्दी केली की नायट्राइटला जागा मिळत नाही. क्लोराइड नायट्राइटच्या किमान दहापट असावं असा ढोबळ नियम आहे. नायट्राइट लिटरला ५ मिलिग्रॅम असेल तर २०० लिटरच्या टाकीला साधारण १६-१७ ग्रॅम साधं, आयोडीन किंवा इतर काही न मिसळलेलं मीठ पुरतं. मूठमूठ टाकायची गरज नाही. मिठातलं सोडियम पाण्यातच राहतं आणि साचलं की रोपांना त्रास देतं, म्हणून हा उपाय संकटापुरताच. आणि पोट जरा रिकामं ठेवलं तर मासा मरत नाही: एक-दोन दिवस खाद्य बंद करणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे.

## मग मासे सोडायचे कधी?

माझं मत स्पष्ट आहे: आधी जीवाणू, मग मासे. टाकी माशांशिवाय चालवायची आणि अमोनिया आपणच द्यायचा. या काळाला सायकलिंग म्हणतात.

अमोनियम क्लोराइड मिळालं तर काम नेमकं होतं. २०० लिटरला दीड ग्रॅम टाकलं की अमोनियातलं नत्र लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास जातं. स्वच्छतेसाठी विकला जाणारा द्रवरूप अमोनियाही चालतो, पण त्यात सुगंध किंवा साबण असता कामा नये. बाटली जोरात हलवून बघा. फेस येऊन टिकला तर ती बाजूला ठेवा. यातलं काहीच नसेल तर रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून कुजू देता येतं. ते चालतं, पण त्याचा हिशेब लागत नाही आणि घाण होते ती वेगळीच.

मग वाट बघायची. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर साधारण चार ते सहा आठवडे. थंड पाण्यात बरंच जास्त. आधी अमोनिया तसाच ढिम्म राहतो, मग घसरू लागतो, नायट्राइट चढतं, बराच काळ चढलेलंच राहतं (इथे धीर सुटतो), आणि मग दोन-तीन दिवसांत धाडकन खाली येतं. टाकलेला २ मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत शून्य होतो आणि नायट्राइटही शून्यच दिसतं, अशी दोन दिवस सलग खात्री झाली की टाकी तयार. आपल्या हिशेबाने रोजच्या दहा ग्रॅम खाद्याचा अमोनिया दीड मिलिग्रॅम. म्हणजे ही टाकी तेवढं खाद्य पचवू शकते, वर थोडी सवलतही आहे.

तरीही पहिल्या दिवशी पूर्ण दहा ग्रॅम टाकू नका. थोडे मासे, थोडं खाद्य, दर आठवड्याला थोडी वाढ. जीवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाइतकीच राहते. मासे दुप्पट केले की भरती पुन्हा करावी लागते.

## "बाटलीतले जीवाणू टाकले की झालं ना?"

कधी होतं, कधी नाही. हे जीवाणू बाटलीत कसे साठवले, किती दिवस, किती उष्णतेत, यावर सगळं अवलंबून. टाकायला हरकत नाही, पण टाकले म्हणून चाचणी थांबवू नका.

यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे कोणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतली ओंजळभर खडी किंवा फिल्टरचा स्पंज. ओलाच आणायचा, वाटेत सुकू द्यायचा नाही, आणि लगेच वाफ्यात मिसळायचा. विरजण लावल्यासारखंच आहे हे. आठवडे वाचतात. एकच पथ्य: त्या टाकीत रोग असेल तर तोही सोबत येतो.

"पाणी बदललं तर जीवाणू वाहून जातील" ही भीतीही अनेकांना असते. ते पाण्यात फारसे राहतच नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. माशांसह सायकलिंग करायची वेळ आलीच असेल तर अमोनिया किंवा नायट्राइट एकच्या वर दिसताच एक तृतीयांश पाणी खुशाल बदला. वाफ्यातली खडी मात्र नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुऊ नका, ते खरंच जीवाणूंच्या मुळावर येतं.

"रोपं आधीपासून लावली तर?" लावा. रोपं थोडा अमोनियमही शोषतात. पहिले काही आठवडे ती फिकट राहिली तर मनाला लावून घेऊ नका, त्यांच्या ताटात अजून काही वाढलेलंच नाही.

## सामू आणि त्यामागची गंगाजळी

सगळ्यात जास्त गोंधळ सामूबद्दल आहे. रोपांना ५.५ ते ६.५ आवडतो. जीवाणूंना सातच्या वर. मासे बहुतेक ६.५ ते ८.५ मध्ये रमतात. तिघांच्या भांडणात तोडगा निघतो तो ६.८ ते ७च्या आसपास. कोणीच पूर्ण खूश नाही, पण सगळ्यांचं चालतं.

आता दहा ग्रॅमकडे परत. जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार करतात. म्हणजे चांगली चाललेली टाकी स्वतःहून आम्ल होत जाते. हा तिचा दोष नव्हे, काम चालू असल्याची ती खूण आहे. मग सामू रोज का घसरत नाही? कारण पाण्यात विरघळलेले कार्बोनेट आणि बायकार्बोनेट ते आम्ल गिळत असतात. त्यांच्या साठ्याला क्षारता म्हणतात, टेस्ट किटवर केएच लिहिलेलं असतं. मी तिला गंगाजळी म्हणतो. रोजचा खर्च गंगाजळीतून भागतो, घरात सगळं आलबेल दिसतं, आणि ती संपते त्या दिवशी घर कोसळतं.

खर्चाचा दर ठाऊक आहे. अमोनियातलं एक ग्रॅम नत्र पार पाडायला सुमारे सात ग्रॅम क्षारता लागते, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. आपलं रोजचं नत्र ०.३ ग्रॅम, म्हणजे खर्च दोन ग्रॅमच्या वर. २०० लिटरमध्ये दर लिटरमागे रोज साधारण १० मिलिग्रॅम. तुमच्या पाण्याची क्षारता १२० असेल तर अकरा-बारा दिवसांत गंगाजळी रिकामी. प्रत्यक्षात जरा जास्त टिकते, कारण रोपं नायट्रेट शोषताना त्यातला काही भाग परत करतात. पण नव्या टाकीतली रोपं लहान असतात, त्यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

यात फसवणूक अशी की सामू दहा दिवस ७.६, ७.५, ७.५ असा शहाण्यासारखा वागतो आणि मग दोन दिवसांत ६ वर येतो. फक्त सामू मोजणाऱ्याला यातलं काहीच आधी दिसत नाही. क्षारता मोजणाऱ्याला आठवडाभर आधी दिसतं. मोजणं अवघड नाही: नळीत पाणी, त्यात थेंब टाकत जायचे, रंग बदलेपर्यंत मोजायचे. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश, म्हणजे लिटरला अंदाजे १८ मिलिग्रॅम. चार थेंबांच्या खाली रंग बदलू लागला की भर घालायची.

भर कशाची? पोटॅशियम बायकार्बोनेट मला सगळ्यात आवडतं, कारण त्यातलं पालाश, म्हणजे पोटॅशियम, रोपांना हवंच असतं. आपल्या टाकीत चार ग्रॅम टाकलं की क्षारता लिटरला दहाने वाढते, म्हणजे एका दिवसाचा खर्च भरून निघतो. सोबत शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे तुकडे जाळीच्या पिशवीत घालून टाकीत टांगून ठेवले तर कॅल्शियमही मिळतं. पाणी आम्ल झालं की ते आपोआप जास्त विरघळतात. खाण्याचा सोडा वापरू नये असं नाही, अडीनडीला चालतो, पण पुन्हा तेच सोडियम.

## "सामू ६ वर आला, लगेच वर ओढू का?"

नका. नव्या टाकीतली सगळ्यात धोकादायक चूक हीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

सामू सहाच्या जवळ आला की जीवाणूंचं काम फार मंदावतं. अमोनिया साचू लागतो. पण त्या सामूला तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या, म्हणजे कमी घातक रूपात असतो, म्हणून मासे जिवंत दिसतात. आता मालक घाबरून मूठभर काहीतरी टाकतो आणि तासाभरात सामू ८ वर नेतो. साचलेल्या अमोनियातला मोकळा हिस्सा एका फटक्यात शंभरपटीच्या घरात जातो. मासे आम्लाने मेले नसते, उपायाने मेले.

आधी अमोनिया मोजा. जास्त असेल तर खाद्य थांबवा, काही पाणी बदला. मग सामू दिवसाला ०.२-०.३ पेक्षा वेगाने वाढणार नाही इतक्या बेताने क्षारता वाढवा.

याच्या उलट तक्रारही येते: "सामू आठच्या खाली येतच नाही, आम्ल टाकू का?" नळाचं पाणी कठीण असेल तर सुरुवातीला असं होतंच. टाकीत आम्ल टाकलं की दुपारी सामू ७, दुसऱ्या दिवशी पुन्हा ७.८. गंगाजळी भरलेली असताना तो परत येणारच, आणि माशांना रोज हेलकावे बसतात. त्यापेक्षा जीवाणूंना काम करू द्या, ते फुकटात आम्ल बनवतात. महिना-दोन महिन्यांनीही खाली येत नसेल तर वाफ्यातली खडी तपासा. दोन दाण्यांवर व्हिनेगर ओता. बुडबुडे आले तर खडीत चुना आहे, तुमचा सामू तिथून चढतोय.

## प्राणवायू

यावर थोडक्यात. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. आणि गरम पाण्यात मासे, जीवाणू, मुळं सगळ्यांचीच मागणी वाढते. जीवाणूही प्राणवायू खातात हे विसरलं जातं. एक ग्रॅम नत्रामागे त्यांना साडेचार ग्रॅमच्या आसपास लागतो.

वीज गेली तर आधी प्राणवायू संपतो, बाकी सगळं नंतर. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप टाकीपाशी ठेवावा. तो महागड्या फिल्टरपेक्षा जास्त मासे वाचवतो. टाकीवर ऊन थेट पडत असेल तर झाका. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री काढून घेतं, आणि सामूलाही झोके देतं.

## नळातून काय येतं?

पहिली चाचणी टाकीची नसावी, नळाच्या पाण्याची असावी. सामू आणि क्षारता दोन्ही. पाणी भांड्यात चोवीस तास हवा सोडून ठेवल्यावर सामू पुन्हा मोजा. बऱ्याचदा तो ताज्या पाण्यापेक्षा वेगळा निघतो, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. खरा आकडा तोच.

पाणी शुद्ध करायला घातलेला क्लोरीन दिवस-दोन दिवस हवा दिल्यावर निघून जातो. काही ठिकाणी क्लोरामाइन वापरतात. ते असं उडत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा फिल्टर किंवा क्लोरीन काढणारं औषध लागतं, आणि क्लोरामाइन तुटताना थोडा अमोनिया मागे राहतो. "नुसत्या नळाच्या पाण्यात अमोनिया कसा दिसतो?" याचं एक उत्तर हे.

## बाटली क्रमांक दोन

चाचणीबद्दल माझी एक फजिती सांगतो. पहिल्या टाकीत अमोनिया उतरला, नायट्राइट उतरलं, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. फक्त नायट्रेट वहीत तीन आठवडे शून्य. रोपं इवलीशी, तीच सगळं खातात म्हणावं तर पटेना. इतकं नत्र गेलं कुठे? शेवटी किटमधला बारीक अक्षरांचा कागद पूर्ण वाचला. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीतली पूड तळाशी बसते. थेंब टाकण्याआधी ती बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवायची. मी ती टेबलावर दोनदा ठोकली, खालचा गठ्ठा सुटल्याचा आवाज आला, मनगट दुखेपर्यंत हलवली. नळी पाच मिनिटांत पिवळ्याची गर्द नारिंगी झाली. नायट्रेट तिथेच होतं. मीच ते मोजत नव्हतो.

तेव्हापासून माझे नियम साधे आहेत. दिवसाच्या एकाच वेळी तपासायचं, शक्यतो सकाळी खाद्य टाकण्याआधी. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदापुढे बघायचा. आकडा वहीत, आणि त्याच ओळीत त्या दिवशीचं खाद्य ग्रॅममध्ये. पहिले सहा आठवडे अमोनिया, नायट्राइट आणि सामू दिवसाआड, क्षारता आठवड्यातून दोनदा. टाकी स्थिरावली की आठवड्यातून एकदा पुरतं. एखादा आकडा विचित्र आला तर काही करण्याआधी चाचणी पुन्हा करायची.

## टाकी स्थिरावल्यावर

अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर बसले की लक्ष नायट्रेटकडे द्यायचं. रोजचे दहा ग्रॅम लिटरला साधारण साडेसहा मिलिग्रॅम नायट्रेट देतात. तो आकडा आठवड्यागणिक चढत असेल तर रोपं कमी आहेत किंवा खाद्य जास्त. शून्याला टेकला असेल आणि पानं फिकट पडत असतील तर उलट. पालेभाजीसारख्या रोपांसाठी वाफ्याच्या दर चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य हे प्रमाण धरतात. म्हणजे आपल्या दहा ग्रॅमवर पाव चौरस मीटरसुद्धा धड भरत नाही. घरच्या टाक्यांत वाफा मोठा आणि रोपं उपाशी, हे चित्र म्हणूनच इतकं दिसतं.

नत्र पुरेसं असूनही नवीन पानं शिरा हिरव्या ठेवून मध्ये पिवळी पडली तर लोह कमी आहे. मत्स्यखाद्यातून ते पुरेसं येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळून राहील अशा रूपातलं, लिटरला २ मिलिग्रॅम, दोन-तीन आठवड्यांतून एकदा. पाकिटावर डीटीपीए असं लिहिलेलं बघून घ्या. ईडीटीए प्रकार सात सामूच्या पाण्यात नीट टिकत नाही. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर पालाश कमी, आणि ते तुम्ही क्षारतेसोबत आधीच देत असाल तर बहुधा ही वेळ येणार नाही.

रोपांवर किडी आल्या की हात फवाऱ्याच्या बाटलीकडे जातो. पानावर मारलेलं पाण्यात उतरतं. तांबं असलेली बुरशीनाशकं आणि बहुतेक कीटकनाशकं माशांना सोसत नाहीत, आणि माशांना दिलेली प्रतिजैविकं जीवाणूंना सोसत नाहीत. किडलेलं रोप उपटून टाकणं परवडतं. आजारी मासा औषधासाठी वेगळ्या भांड्यात काढावा. तो परत येईपर्यंत टाकीतलं खाद्य त्याच्या वाटणीएवढं कमी करायला विसरू नका.